दक्षिणेला जाणारी 'उत्तर' : भुयारी रेल्वे आणि दिशांची नावे

१/
लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावर काळ्या रंगाची एक रेषा आहे. तिचे नाव 'नॉर्दर्न लाइन', म्हणजे उत्तर मार्ग. या उत्तर मार्गाचे एक टोक मॉर्डेन येथे आहे, आणि मॉर्डेन हे साऱ्या लंडन अंडरग्राउंडमधील सर्वांत दक्षिणेकडचे स्थानक! सर्वांत उत्तरेकडचे चेशम स्थानक मात्र मेट्रोपॉलिटन लाइनवर आहे. हा विरोधाभास समाजमाध्यमांवर 'इंग्रजांची घोडचूक' म्हणून वरचेवर फिरत असतो. गंमत म्हणून ते ठीक आहे. इतिहास म्हणून ते अपुरे आहे. #थ्रेड #इतिहास

२/
रेल्वेच्या नावातील दिशा ही क्वचितच नकाशातली दिशा असते. कधी ती मालकाची खूण असते, कधी वस्तीचा पत्ता, कधी अर्धवट राहिलेल्या योजनेचा अवशेष. म्हणून मार्गाचे नाव हे ऐतिहासिक साधन मानून वाचावे. फलाटावरच्या पाटीला मात्र वेगळी कसोटी लावावी, कारण ती पाटी इतिहासासाठी नसून वाट शोधणाऱ्या माणसासाठी असते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की नावाची विनाकारण थट्टा होते, आणि पाटीच्या उणिवा मात्र कुणाच्या लक्षात येत नाहीत.

३/
आरंभ मूळ प्रश्नापासून करावा. जमिनीवर माणसाला दिशा कळण्याची साधने पुष्कळ. मराठीत तर 'उगवतीला' आणि 'मावळतीला' म्हटले की पूर्व-पश्चिमेचे काम भागते. संस्कृतातून आलेल्या 'दक्षिण' शब्दाचा मूळ अर्थ 'उजवा' असाही आहे. उगवतीकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला दक्षिण येते. भुयारात सूर्य नाही, वारा नाही, सावली नाही. तिथे उजवे-डावे उरते, पण कशाच्या उजवीकडे, हे सांगणारे काहीच उरत नाही.

४/
होकायंत्र तरी कामी यावे? तेही बेभरवशाचे. सभोवती पोलाद आणि रुळांतून वाहणारी वीज असली की चुंबकसुईवर परिणाम होतो. याचा एक पुरावा मुंबईच्याच इतिहासात आहे. कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या नोंदी बिघडणार हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. हे काम नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत झाले.

५/
कुलाबा आणि अलिबाग येथे १९०४ ते १९०६ या काळात एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. विद्युत वाहतुकीने होकायंत्राला अक्षरशः खाडीपार पाठवले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. विजेच्या रेल्वेत 'उत्तर' आणि 'दक्षिण' हे सुईने दाखवायचे शब्द राहत नाहीत. ते कोणीतरी ठरवून पाटीवर लिहावे लागतात.

६/
मग ते ठरवतो कोण? जगातील पहिली भुयारी प्रवासी रेल्वे, लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे, १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी लोकांसाठी खुली झाली. इंजिने वाफेची होती. तिच्या नावात दिशा नव्हतीच. 'महानगराची रेल्वे' एवढाच दावा होता. १८६८ मध्ये मेट्रोपॉलिटन डिस्ट्रिक्ट रेल्वे आली. तिच्याही नावात दिशा नाही. तेव्हा नाव कंपनीचे असे, मार्गाचे नसे. मार्ग ही कंपनीची मालमत्ता होती.

७/
या दोन कंपन्यांचे रूळ जोडून ६ ऑक्टोबर १८८४ रोजी 'इनर सर्कल' हे वर्तुळ पुरे झाले, आणि दिशांच्या शब्दांची पहिली मोठी अडचण उभी राहिली. वर्तुळावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे निघालेली गाडी उत्तरेच्या बाजूला पूर्वेकडे धावते, आणि तीच गाडी दक्षिणेच्या बाजूला पोहोचली की पश्चिमेकडे. गाडी तीच, मार्ग तोच, पण अर्ध्या फेरीत दिशा उलटी. 'पूर्वेकडे जाणारी गाडी' या शब्दांना वर्तुळावर कायमचा अर्थच नाही.

८/
यावर उपाय निघाला तो रुळांच्या स्थानावरून. ब्रिटनमध्ये गाड्या डाव्या बाजूने धावतात. म्हणून काट्याप्रमाणे जाणारी गाडी वर्तुळाच्या बाहेरच्या रुळावर येते आणि उलट जाणारी आतल्या. 'आउटर रेल' आणि 'इनर रेल' हे शब्द त्यातूनच रूढ झाले. बाहेरच्या रुळावर मुख्यतः मेट्रोपॉलिटनच्या गाड्या, आतल्या रुळावर डिस्ट्रिक्टच्या. दिशा आणि मालक यांची अशी विलक्षण जोडी जमली.

९/
मेट्रोपॉलिटनचे अध्यक्ष एडवर्ड वॉटकिन आणि डिस्ट्रिक्टचे जेम्स स्टॅट्स फोर्ब्स यांच्यातून विस्तव जात नव्हता. दोन्ही कंपन्यांच्या खिडक्यांवर प्रवाशाला आपल्याच गाडीचे तिकीट विकण्याची चढाओढ चाले, मग त्याला वर्तुळाचा लांबचा पल्ला का घ्यावा लागेना. नवख्या माणसाला जवळची दिशा कोणती हे सांगण्यात विक्रेत्याचा तोटा होता. दिशेची माहिती लपवण्यातही कोणाचा तरी फायदा असू शकतो, हा धडा तिथेच मिळतो.

१०/
आता 'उत्तर' मार्गाकडे वळावे. या मार्गाचा सर्वांत जुना भाग १८९० मध्ये सुरू झाला. किंग विल्यम स्ट्रीट ते स्टॉकवेल अशी ही रेल्वे थेम्सच्या तळाखालून दक्षिणेला जात असे. खोल नळीसारख्या बोगद्यातून विजेवर धावणारी ही पहिली महत्त्वाची शहरी रेल्वे. तिच्या डब्यांना खिडक्या जवळजवळ नव्हत्याच. लोक त्यांना 'गादीच्या कोठड्या' म्हणत. आणि या कंपनीचे नाव होते 'सिटी अँड साउथ लंडन रेल्वे'.

११/
म्हणजे आज ज्या मार्गाला 'उत्तर' म्हणतात, त्याच्या जन्मनावातच 'दक्षिण' हा शब्द होता. दक्षिण लंडनच्या वस्तीला शहराच्या मध्याशी जोडणे हा तिचा हेतू, आणि नाव त्या हेतूशी प्रामाणिक होते. १९०० मध्ये ती क्लॅपहॅम कॉमनपर्यंत गेली, १९०१ मध्ये उत्तरेला एंजलपर्यंत, १९०७ मध्ये युस्टनपर्यंत. दोन्ही बाजूंनी मार्ग वाढत राहिला आणि नावातली दिशा हळूहळू अपुरी पडू लागली.

१२/
याच मार्गाचा दुसरा पूर्वज म्हणजे 'चेअरिंग क्रॉस, युस्टन अँड हॅम्पस्टेड रेल्वे'. ती २२ जून १९०७ रोजी सुरू झाली. तिच्यामागे शिकागोचा भांडवलदार चार्ल्स येर्क्स याने उभी केलेली कंपनी होती. येर्क्स स्वतः मात्र १९०५ मध्येच वारला. हिचे नाव म्हणजे स्थानकांची यादीच होती. तशीच 'बेकर स्ट्रीट अँड वॉटर्लू रेल्वे' १९०६ मध्ये आली. वर्तमानपत्रातील एका लेखकाने तिचे 'बेकरलू' केले आणि कंपनीने ते मुकाट्याने स्वीकारले.

१३/
१९१३ मध्ये सिटी अँड साउथ लंडन ही कंपनी येर्क्सने स्थापलेल्या समूहाच्या हाती आली. १९२४ मध्ये कॅमडेन टाउनला आणि १९२६ मध्ये केनिंग्टनला दोन्ही रेल्वेंचे सांधे जुळले. त्याच १९२६ साली मार्ग मॉर्डेनपर्यंत पोहोचला. खरे तर बेत त्याही पलीकडे सटनपर्यंत जाण्याचा होता, पण जमिनीवरच्या सदर्न रेल्वेने विरोध केला आणि तडजोड मॉर्डेनवर झाली. आजचे 'सर्वांत दक्षिणेचे स्थानक' हे असे एका वाटाघाटीचे फलित आहे.

१४/
१ जुलै १९३३ रोजी लंडनची भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस एका सार्वजनिक मंडळाच्या ताब्यात आल्या. लॉर्ड ॲशफील्ड अध्यक्ष, फ्रँक पिक मुख्य अधिकारी. कंपन्या संपल्या, तशी त्यांची नावेही निरुपयोगी झाली. आता नाव मालकाचे नव्हे, मार्गाचे हवे होते. दोन फाट्यांच्या या गुंतागुंतीच्या मार्गाला काय म्हणावे? 'एजवेअर, हायगेट अँड मॉर्डेन लाइन' हे नाव जिभेला पेलणारे नव्हते.

१५/
'बेकरलू'च्या धर्तीवर संधी करून पाहण्यात आली. एजवेअर आणि मॉर्डेन मिळून 'एजमॉर', 'मॉर्डनवेअर' अशा सूचना आल्या. त्या टिकल्या नाहीत, हे लंडनकरांचे भाग्यच. शेवटी ऑगस्ट १९३७ मध्ये 'नॉर्दर्न लाइन' हे नाव ठरले. मॉर्डेनचे स्थानक त्या वेळी अकरा वर्षांचे होते. मंडळाला दक्षिणेचे टोक ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. मग हे नाव का?

१६/
उत्तर १९३५ च्या विस्तार-योजनेत आहे. उत्तर लंडनच्या टेकड्यांवर पूर्वीच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचे वाफेवर चालणारे फाटे होते : हाय बार्नेट, अलेक्झांड्रा पॅलेस, मिल हिल, एजवेअर. ते सारे विजेवर आणून या मार्गाला जोडायचे आणि पुढे एजवेअरपलीकडे बुशी हीथपर्यंत नवे रूळ टाकायचे, असा 'नॉर्दर्न हाइट्स'चा बेत होता. तो पुरा झाला असता, तर उत्तरेत या मार्गाचे विस्तीर्ण जाळे पसरले असते.

१७/
म्हणजे १९३७ मधले 'नॉर्दर्न' हे वर्णन नव्हते. तो भविष्यकाळ होता. पुढे महायुद्ध आले. १९४० मध्ये हाय बार्नेटला आणि १९४१ मध्ये मिल हिल ईस्टला गाड्या पोहोचल्या. बाकीचे काम थांबले. युद्धानंतर शहराभोवती हरित पट्टा राखण्याचे धोरण आले. बुशी हीथच्या बाजूला घरेच उभी राहणार नसतील, तर रेल्वे कोणासाठी? योजना गुंडाळली गेली. अलेक्झांड्रा पॅलेसची जुनी प्रवासी गाडीही १९५४ मध्ये बंद झाली.

१८/
त्या स्वप्नाचे अवशेष आजही दिसतात. एका सोडलेल्या रेल्वेमार्गावर 'पार्कलँड वॉक' नावाची झाडीतली पायवाट आहे. ब्रॉकली हिलला अर्धवट कमानी उभ्या आहेत. ऑल्डनहॅमला गाड्यांसाठी बांधलेल्या आगारात युद्धकाळात हॅलिफॅक्स बाँबर विमाने तयार झाली, आणि नंतर तिथे बसगाड्यांची दुरुस्ती होऊ लागली. पण सर्वांत ठळक अवशेष रोज लाखो लोक वाचतात. तो म्हणजे 'नॉर्दर्न' हे नाव.

१९/
म्हणूनच या नावाला 'चूक' म्हणणे हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळावा असा आळस आहे. पडक्या गढीवरून तिच्या काळची महत्त्वाकांक्षा वाचता येते, तशीच या नावावरून १९३० च्या दशकातल्या लंडनची. नाव बदलून ते भूगोलाशी जुळवले, तर अचूकता थोडी वाढेल, पण साधन नष्ट होईल. शिवाय २० सप्टेंबर २०२१ रोजी हा मार्ग बॅटरसीपर्यंत, म्हणजे पुन्हा दक्षिणेकडे वाढला. 'उत्तर' तरीही टिकून राहिली, हे बरेच झाले.

२०/
दिशेच्या नावाचा दुसरा प्रकार म्हणजे वस्तीचा पत्ता. लंडनची 'ईस्ट लंडन लाइन' घ्यावी. ती मार्क ब्रुनेल यांच्या १८४३ च्या थेम्स बोगद्यातून जात असे. तिचे रूळ मात्र उत्तर-दक्षिण होते! नावातले 'ईस्ट' धावण्याची दिशा सांगत नव्हते. ती पूर्व लंडनची रेल्वे आहे, एवढेच सांगत होते. २०१० मध्ये ती ओव्हरग्राउंड जाळ्यात गेली आणि २०२४ पासून तिचा मार्ग 'विंडरश लाइन'चा भाग झाला. दिशेची जागा स्थलांतरितांच्या स्मृतीने घेतली.

२१/
तिसरा प्रकार मालकाच्या नावाचा. इथे मुंबई आठवणे अपरिहार्य आहे, जरी तिथली लोकल भुयारी नसली तरी. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी बीबी अँड सीआय आणि जीआयपी या जुन्या कंपन्या अनुक्रमे पश्चिम आणि मध्य या नव्या विभागांत समाविष्ट झाल्या. ही नावे भारताच्या नकाशावरून आली, मुंबईच्या नव्हे. म्हणून चर्चगेट ते विरार हा सरळ दक्षिण-उत्तर धावणारा मार्ग 'वेस्टर्न' ठरला, आणि १९३० मध्ये सुरू झालेले 'मुंबई सेंट्रल' स्थानक सेंट्रलवर नसून वेस्टर्नवर आहे.

२२/
मुंबईने याहूनही पुढची मजल मारली. उपनगरांत रुळांनी वस्ती दुभागली आणि 'अंधेरी पूर्व', 'अंधेरी पश्चिम' हे पत्ते जन्माला आले. तिथे पूर्व म्हणजे उगवतीकडची नव्हे, तर रुळांच्या त्या बाजूची. दिशांनी रेल्वेला नाव द्यावे, हा नेहमीचा क्रम. मुंबईत रेल्वेने दिशांना अर्थ दिला. गाडीला मात्र मुंबईकर 'उत्तरेची' म्हणत नाही. तो 'विरारची', 'कसाऱ्याची' म्हणतो. रेल्वेची भाषा त्याहून वेगळी : मुंबईकडे येणारी 'अप', मुंबईबाहेर जाणारी 'डाउन'.

२३/
'अप-डाउन' ही ब्रिटिश रेल्वेची देणगी. तिथे लंडनकडे जाणारी गाडी 'अप'. या शब्दांत भूगोल नसतो, सत्तेची उतरंड असते. राजधानी वर, बाकीचा देश खाली. शहराच्या पोटातून आरपार जाणाऱ्या भुयारी रेल्वेला हे शब्द गैरसोयीचे, कारण ती शहराकडे येतही नाही आणि शहरातून जातही नाही. ती शहरातच असते. लंडनच्या फलाटांवर म्हणूनच 'नॉर्थबाउंड', 'साउथबाउंड', 'ईस्टबाउंड', 'वेस्टबाउंड' हे शब्द दिसतात.

२४/
चौथा प्रकार खऱ्याखुऱ्या अक्षाचा. टोकियोत १९६४ मध्ये 'तोझाई' मार्ग सुरू झाला; या शब्दाचा अर्थच पूर्व-पश्चिम. १९९१ मध्ये 'नाम्बोकु' आला, म्हणजे दक्षिण-उत्तर. क्योतो, साप्पोरो, सेन्दाई येथेही अशाच नावांचे मार्ग आहेत. कोलकात्याची मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाली. तिचा पहिला मार्ग उत्तर-दक्षिण. २०२४ मध्ये हुगळीखालून हावड्याला पोहोचलेला मार्ग 'ईस्ट-वेस्ट मेट्रो' याच नावाने लोकांना ठाऊक झाला.

२५/
अक्षाचे नाव प्रामाणिक असते, पण निरागस असेलच असे नाही. बर्लिनमध्ये १९२३ मध्ये 'नॉर्ड-झ्यूड-बान', म्हणजे उत्तर-दक्षिण रेल्वे सुरू झाली. आजचा यू-६ मार्ग तोच. १३ ऑगस्ट १९६१ रोजी शहर दुभागले. या मार्गाची उत्तर आणि दक्षिण टोके पश्चिम बर्लिनमध्ये, मधला भाग पूर्व बर्लिनच्या खाली. गाड्या चालू राहिल्या. पण पूर्वेखालची बहुतेक स्थानके बंद झाली. अंधुक उजेडात पहारेकरी उभे, आणि गाडी न थांबता हळूहळू पुढे सरकायची.

२६/
लोकांनी त्यांना 'भुताची स्थानके' म्हटले. पश्चिमेचा नागरिक उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना पूर्वेखालून जायचा आणि परत पश्चिमेत उतरायचा. चारही दिशांचे शब्द एकाच प्रवासात, पण त्यांतले दोनच होकायंत्राचे. उरलेले दोन राज्यव्यवस्थांचे. ११ नोव्हेंबर १९८९ रोजी यू-८ वरचे यानोविट्झब्र्युके स्थानक उघडले आणि जुलै १९९० पर्यंत यू-६ व यू-८ वरची सर्व बंद स्थानके पुन्हा जागी झाली. 'पूर्व' हा शब्द किती जड होऊ शकतो, हे बर्लिनकराला समजावून सांगावे लागत नाही.

२७/
आता फलाटावरच्या पाटीकडे. पॅरिसने १९०० पासून निराळी वाट धरली. मार्गाला क्रमांक आणि दिशेला अंतिम स्थानकाचे नाव. १९१० मध्ये आलेल्या 'नोर-स्यूद' म्हणजे 'उत्तर-दक्षिण' या कंपनीनेही नावात दिशा ठेवली, पण बोगद्याच्या तोंडावरच्या फरशांवर 'मोंपार्नासकडे', 'मोंमार्त्रकडे' असेच लिहिले. चित्रकार-लेखकांच्या या दोन वस्त्या तिने जोडल्या. १९१७ मध्ये कवी प्येर रव्हेर्दी यांनी आपल्या मासिकाला याच रेल्वेचे नाव दिले.

२८/
अंतिम स्थानकाची पद्धत अचूक आहे, यात वाद नाही. गाडी जिथे जाते तेच पाटी सांगते. होकायंत्राची गरज नाही, वर्तुळाची अडचण वगळता कोड्यात पडण्याचे कारण नाही. दिशांच्या पद्धतीवरचा आक्षेपही खरा आहे : शहराचा नकाशा डोक्यात असल्याशिवाय 'उत्तर' म्हणजे काय हे कळत नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये तर १८११ च्या आराखड्यातले रस्तेच खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंशांनी कलले आहेत. तिथली रोजच्या बोलण्यातली 'उत्तर' प्रत्यक्षात ईशान्येकडे झुकलेली आहे.

२९/
पण अंतिम स्थानकाच्या पद्धतीत एक गृहीत दडलेले आहे. जिथे जायचे नाही त्या दूरच्या ठिकाणाचे नाव प्रवाशाला ठाऊक असावे, अशी तिची अपेक्षा असते. शिवाय टोक बदलते. मुंबईची भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी अशी सुरू झाली. मे २०२५ मध्ये दक्षिणेचे टोक आचार्य अत्रे चौक झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेड. वर्षभरात पाटीवरचे नाव दोनदा बदलले. दक्षिण दिशा मात्र तिथेच होती.

३०/
एकोणिसाव्या शतकातल्या त्या पहिल्या विद्युत नळीचेही तेच. दक्षिणेचे टोक १८९० मध्ये स्टॉकवेल, १९०० मध्ये क्लॅपहॅम कॉमन, १९२६ मध्ये मॉर्डेन. वाढत्या शहरात टोकाचे नाव हे तात्पुरते सत्य असते. दोन फाटे असलेल्या मार्गावर तर 'एजवेअर'ची गाडी आणि 'हाय बार्नेट'ची गाडी कॅमडेनपर्यंत एकाच कामाच्या असतात. 'नॉर्थबाउंड' हा एक शब्द दोन्हींना पुरतो. नवख्याला आधी बाजू कळावी लागते, फाटा नंतर.

३१/
होकायंत्र आणि टोक दोन्ही निरुपयोगी ठरतात तिथेही मार्ग काढता येतो. ग्लासगोची १८९६ ची भुयारी रेल्वे संपूर्ण वर्तुळ आहे. तिथे 'इनर' आणि 'आउटर' एवढेच. मॉस्कोत मध्याकडे जाणाऱ्या गाडीत पुरुषाच्या आवाजात घोषणा होतात, मध्यापासून दूर जाणाऱ्या गाडीत स्त्रीच्या. वर्तुळमार्गावर काट्याप्रमाणे पुरुषाचा आवाज, उलट दिशेला स्त्रीचा. पाटी वाचू न शकणाऱ्या अंध प्रवाशालाही दिशा ऐकू येते. चारही दिशांची नावे न घेता केलेली ही दिशादर्शनाची उत्तम सोय म्हणावी लागेल.

३२/
भुयारी रेल्वेचा नकाशाच दिशा बिघडवतो, हा आक्षेप उरतो. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅरी बेक यांच्या आराखड्यात रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा तिरप्या आहेत. अंतरे खोटी, वळणे सरळ केलेली. तरी थेम्स नदी त्यात राहिली. २००९ मध्ये ती काढून टाकली गेली, तेव्हा लंडनमध्ये एवढी ओरड झाली की काही महिन्यांतच ती परत आणावी लागली. नदीशिवाय उत्तर कोणती आणि दक्षिण कोणती, हे शहराला कळेना. लोकांना अचूक भूगोल नको होता. एक खूण हवी होती.

३३/
एकंदर विचार करता निष्कर्ष दोन निघतात. पहिला इतिहासाच्या अभ्यासकांसाठी. मार्गाच्या नावात दिशा दिसली की ती बरोबर की चूक, हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे : हे नाव कोणी दिले, कोणत्या साली, कोणाच्या नकाशावरून? 'नॉर्दर्न' अपुरी योजना सांगते, 'ईस्ट लंडन' वस्ती सांगते, 'वेस्टर्न' प्रशासन सांगते, 'तोझाई' अक्ष सांगते. शब्द एकाच जातीचे, साक्ष मात्र चार प्रकारची.

३४/
दुसरा निष्कर्ष शहरांसाठी, आणि तो अधिक निकडीचा आहे. भारतातल्या अनेक शहरांत आज भुयारी मार्ग वाढत आहेत. त्यांची टोके पुढेही बदलत राहणार. फलाटावर अंतिम स्थानक जरूर असावे, पण त्याशेजारी 'दक्षिणेकडे', 'उत्तरेकडे' हा एक शब्दही असावा, आणि नकाशावर समुद्र वा नदीसारखी एक ओळखीची खूण. खर्च रंगाच्या एका फटकाऱ्याचा. उपयोग पहिल्यांदाच शहरात आलेल्या प्रत्येक माणसाला.

३५/
कारण शहरात मुरलेल्याला पाटी लागत नाही. पाटी लागते ती मुलाखतीसाठी गावाहून आलेल्या मुलीला, नातलगाला पाहायला रुग्णालयात निघालेल्या वृद्धाला. १८८४ च्या लंडनमध्ये अशा माणसाला लांबच्या वळशाचे तिकीट विकले जात होते. नाव कोणतेही असो, 'उत्तर' असून दक्षिणेला जाणारे का असेना. फलाटावरच्या बाणाने मात्र अशा माणसाशी खरे बोलावे. (थ्रेड समाप्त)